उबुंटू, मिंट की डेबियन? संशोधकानं विचारायचे वेगळे प्रश्न

"नवीन लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकू?" पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न विचारण्याआधी त्यांनी चार-पाच तुलनात्मक लेख वाचलेले असतात, दोन-तीन व्हिडिओ पाहिलेले असतात आणि तरीही निर्णय झालेला नसतो. यात दोष त्यांचा नाही. ते लेख ज्या निकषांवर तुलना करतात ते निकषच संशोधन करणाऱ्याच्या कामाचे नसतात. म्हणून आज त्या तुलनांची थोडी चिकित्सा करू आणि मग आपल्याला उपयोगी पडतील असे प्रश्न मांडू.

तुलना कशाची होते?

असा कुठलाही लेख उघडा. संगणक किती सेकंदांत सुरू होतो, रिकामा असताना किती मेमरी खातो, मेन्यू डावीकडे आहे की खाली, थीम कशी दिसते, नवख्या माणसाला सोपं कोणतं. शेवटी एक तक्ता आणि तारे.

यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही अर्ध्या तासात बदलू शकता. उबुंटूवर सिनॅमन डेस्कटॉप चढवता येतो, डेबियनवर नोम, केडीई, एक्सएफसीई यांपैकी काहीही घेता येतं. आत कर्नल तोच, लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली सुरू केलेला लिनक्स. संपादक, कंपायलर, पायथन, आर, लाटेक हेही सगळीकडे तेच. मग दिसण्यावरून निवड करणं म्हणजे भाड्याचं घर घेताना भिंतींचा रंग बघायचा आणि करारनामा न वाचताच सही करायची.

तो करारनामा कुठे असतो, हे समजायला 'डिस्ट्रो' म्हणजे नेमकं काय ते पाहू. डिस्ट्रो बनवणारे लोक हजारो सुटे प्रोग्रॅम गोळा करतात. प्रत्येकाची कोणती आवृत्ती घ्यायची ते ठरवतात, त्या एकमेकींशी जुळतात का ते तपासतात, आणि सुरक्षेतल्या त्रुटी अमुक इतकी वर्षं दुरुस्त करत राहू असं वचन देतात. म्हणजे तुम्ही निवडता त्या तीन गोष्टी: कुणाची निवड, कुणाचं वेळापत्रक आणि कुणाचं वचन. तुलनात्मक लेखांत नेमक्या या तीन गोष्टींना एखादी ओळ मिळते.

एकाच घरातले तिघं

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो डेबियन, उबुंटू आणि मिंट यांच्यात, आणि ते साहजिक आहे. तिघं एकाच घरातले. इयन मर्डॉकनं १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. २००४ मध्ये मार्क शटलवर्थच्या कॅनॉनिकल कंपनीनं डेबियनवर आधारित उबुंटूची पहिली आवृत्ती काढली. मिंट २००६ मध्ये आलं आणि ते उबुंटूवर उभं आहे. सी-डॅकनं विकसित केलेलं 'बॉस' लिनक्सही डेबियनच्याच वंशातलं. पॅकेज बसवायची आज्ञाही तिघांत एकच, 'एप्ट'. मग फरक कुठे आहे?

आधी डेबियन. याची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. 'बुकवर्म' जून २०२३ मध्ये आली, पुढची 'ट्रिक्सी' ऑगस्ट २०२५ मध्ये. एकदा आवृत्ती आली की तिच्यातले प्रोग्रॅम जवळपास गोठतात. बुकवर्ममध्ये पायथन ३.११ आहे, म्हणजे शेवटपर्यंत ३.११ च. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नवी वैशिष्ट्यं येत नाहीत. नेहमीचं तुलनात्मक परीक्षण याला 'जुनाट' म्हणून गुण कापतं. पण विचार करा, तीन वर्षं एकच विश्लेषण चालवायचंय आणि दर महिन्याला खालची जमीन हलायला नकोय, तर हा दोष राहतो का? डेबियनबद्दलची जुनी तक्रार खरी होती: लॅपटॉपचं वाय-फाय चालवायला लागणारं, मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि बुकवर्मपासून ते फर्मवेअर सोबत येतं. त्याआधी लिहिलेली परीक्षणं अजून वाचली जातात, तेव्हा लेखाची तारीख बघत जा.

उबुंटूची दर दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, 'एलटीएस' आवृत्ती येते. २०.०४, २२.०४, २४.०४ हे आकडे म्हणजे वर्ष आणि महिना. तिला पाच वर्षांचा आधार. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने, म्हणून संशोधनाच्या यंत्रावर त्या टाकायचं कारण मला तरी दिसत नाही. उबुंटूची खरी ताकद डेस्कटॉपमध्ये नाहीच. ग्राफिक्स कार्ड, उपकरणं, मशीन लर्निंगची साधनं यांच्या सूचना लिहिणारे बहुतेक लोक पहिली ओळ उबुंटू एलटीएससाठी लिहितात, ही ती ताकद. अडलात तर उत्तर सापडण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त.

पण त्या 'पाच वर्षां'ची बारीक अक्षरं वाचायला हवीत. उबुंटूची पॅकेजेस वेगवेगळ्या विभागांत असतात. 'मेन' विभागाची जबाबदारी कॅनॉनिकल घेते. 'युनिव्हर्स' हा कितीतरी मोठा विभाग स्वयंसेवकांच्या भरवशावर चालतो. संशोधनात लागणारं बरंचसं सामान, अगदी आर भाषासुद्धा, युनिव्हर्समध्ये आहे. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्यांची हमी हवी असेल तर 'उबुंटू प्रो' ही सेवा जोडावी लागते. वैयक्तिक वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला अडचण नाही. पण हे माहीत तर हवं. दुसरं म्हणजे, 'एलटीएस म्हणजे काहीच बदलत नाही' हा समज अर्धाच खरा. डेस्कटॉप एलटीएसवर अधूनमधून नवा कर्नल येतो. नव्या लॅपटॉपसाठी ते चांगलं, पण ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कर्नलशी बांधलेला असतो. पेपर पाठवायच्या आठवड्यात हा बदल नको असेल तर अपडेट थोडे पुढे ढकला.

तिसरा मुद्दा स्नॅपचा. स्नॅप म्हणजे कॅनॉनिकलची प्रोग्रॅम वाटण्याची स्वतंत्र पद्धत. २२.०४ पासून उबुंटूतला फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात येतो. तुम्ही 'एप्ट'ला फायरफॉक्स मागता आणि तो गुपचूप स्नॅप आणून देतो. स्नॅपचे प्रोग्रॅम स्वतःहून अद्ययावत होतात. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत वापरकर्त्यांच्या फाइली पुष्कळदा एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, आणि अशा मांडणीशी स्नॅपचं बराच काळ जमत नव्हतं. मला खटकतं ते तंत्र नव्हे. सांगितलेली आज्ञा आणि घडलेली गोष्ट यांत अंतर पडतं, ते खटकतं. संशोधनाची सवय याच्या नेमकी उलटी असते.

मिंटनं २०२० मध्ये विसाव्या आवृत्तीपासून स्नॅपची वाट डीफॉल्टनं बंद केली. बाकी मिंट म्हणजे उबुंटू एलटीएसचीच पॅकेजेस आणि वर स्वतःची नीटनेटकी सजावट. विंडोजवरून येणाऱ्याला ते लगेच सवयीचं होतं, आणि जुन्या लॅपटॉपसाठी एक्सएफसीईची हलकी आवृत्तीही मिळते. मात्र एक अडचण परीक्षणांत सहसा येत नाही. बाहेरचं एखादं सॉफ्टवेअर बसवताना त्याची स्क्रिप्ट तुमच्या सिस्टिमला तिचं सांकेतिक नाव विचारते. उबुंटू २४.०४ सांगतं 'नोबल'. त्यावरच बेतलेलं मिंट २२ सांगतं 'विल्मा'. स्क्रिप्टला विल्मा ठाऊक नसते, आणि ती थांबते. उपाय सोपा आहे, विल्माच्या जागी नोबल लिहायचं. पण हे नातं माहीत नसेल तर एक अख्खी दुपार जाते.

वेळापत्रक तुमच्या पीएच.डी.शी जुळवा

आता हिशेब करू. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, त्यापुढे मुदतवाढ. आपण पाच वर्षं धरू.

समजा तुम्ही २०२५ च्या पावसाळ्यात रुजू झालात आणि उबुंटू २४.०४ टाकलं. त्याचा नेहमीचा आधार २०२९ पर्यंत. म्हणजे प्रबंध लिहिताना एकदा स्थलांतर करावं लागेल किंवा प्रोचा आधार घ्यावा लागेल. मिंट २२ चंही तसंच, कारण त्याचा पाया तोच. डेबियन १३ ला पहिली तीन वर्षं मुख्य सुरक्षा चमूचा आधार आणि पुढची दोन वर्षं वेगळ्या गटाचा, म्हणजे साधारण २०३० पर्यंत. फेडोराचं काय? दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिन्यांचा आधार. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारापेक्षा दोनच महिने जास्त! पाच वर्षांत निदान चार-पाच वेळा बिऱ्हाड हलवायचं. फेडोरा वाईट आहे असं मुळीच नाही. तुमचा विषयच कंपायलर किंवा कर्नल असेल तर नवं ते सगळं तिथे आधी मिळतं. पण भाषाशास्त्राचा किंवा पर्यावरणाचा डेटा तपासणाऱ्याला तेवढ्या हलवाहलवीचं प्रयोजन काय?

स्थलांतर टाळता येत नाही, पण त्याची वेळ आपण ठरवू शकतो. एक पेपर गेला आणि दुसरा सुरू व्हायचाय, तो काळ योग्य. परीक्षकांचे शेरे आलेत आणि जुनी आकृती पुन्हा काढून द्यायचीय, तो काळ अगदीच अयोग्य.

वचन देतंय कोण?

तारीख कागदावर असते. ती पाळली जाईलच का, हे पाहायला वैज्ञानिक जगातलंच एक उदाहरण आहे.

अमेरिकेतली फर्मीलॅब आणि युरोपातली सर्न या भौतिकशास्त्राच्या दोन प्रचंड प्रयोगशाळा. २००४ पासून त्यांच्या पुढाकारानं 'सायंटिफिक लिनक्स' नावाची डिस्ट्रो चालत होती. रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्सचा खुला स्रोत घेऊन ती बांधली जायची. त्याच स्रोतावर सेंटओएसही उभं होतं. दोघांचं काम सारखंच, म्हणून सर्ननं सातव्या आवृत्तीपासून सेंटओएसचा आधार घेतला. २०१९ मध्ये फर्मीलॅबनंही जाहीर केलं की सायंटिफिक लिनक्स ८ निघणार नाही, पुढे सेंटओएस ८ वापरू. एकच काम दोन ठिकाणी कशाला, हा विचार रास्तच होता.

डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली: सेंटओएस लिनक्स ८ चा आधार २०२९ पर्यंत न राहता २०२१ च्या अखेरीस संपणार. आठ वर्षं गेली, तीही एका निवेदनानं. सेंटओएस प्रकल्प तेव्हा रेड हॅटच्या छत्राखाली होता. त्यानंतर दोन वारसदार उभे राहिले, सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कुर्त्झरचं रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स. २०२३ मध्ये रेड हॅटनं आपला स्रोत मिळण्याची वाटही अरुंद केली. अल्मालिनक्सनं मग हुबेहूब प्रतीचा हट्ट सोडून 'तिथे चालणारे प्रोग्रॅम इथे चालतील' एवढं ध्येय ठेवलं. दरम्यान सर्न आणि फर्मीलॅब यांनी डिसेंबर २०२२ मध्येच आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्सची शिफारस केली होती.

एवढ्या मोठ्या संस्थांनाही मार्ग बदलावा लागला. तेव्हा डिस्ट्रो निवडताना विचारा, हे वचन कोण मोडू शकतं? डेबियनमध्ये कंपनी नाही. लेखी घटना आहे, निवडून आलेला प्रमुख आहे आणि वादाच्या प्रश्नांवर सदस्यांचं मतदान होतं. निर्णय हळू होतात, पण कुणी एकट्यानं येऊन तारीख बदलणं अवघड. उबुंटूमागे कंपनी आहे. पगारी माणसं आहेत म्हणून दुरुस्त्या वेळेवर येतात, आणि धंद्याची गरज बदलली तर स्नॅपसारखे निर्णयही येतात. मिंटचा चमू लहान, देणग्यांवर चालणारा आणि उबुंटूवर अवलंबून. उद्या उबुंटूशी पटलं नाही तर हाताशी असावी म्हणून ते थेट डेबियनवर आधारलेली एक आवृत्तीही सांभाळतात. मला हे त्यांच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं.

उत्तर बदलतं का?

आता सर्वांत गंभीर प्रश्न. सिस्टिम बदलली तर माझ्या संशोधनाचा निष्कर्ष बदलेल का?

"छे, कोड तोच तर उत्तर तेच," असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. २०१५ मध्ये मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवर झालेला एक अभ्यास वेगळं सांगतो. तेच सॉफ्टवेअर, तोच डेटा, पण एकदा सेंटओएस ५ वर आणि एकदा फेडोरा २० वर चालवला. काही निष्पत्तींत फरक पडला. माग काढत गेल्यावर कारण सापडलं ते गणिती फलनांच्या लायब्ररीत. दशांशाच्या फार पुढच्या स्थानावरचा फरक लांबलचक आकडेमोडीत साचत गेला होता.

दुसरं उदाहरण रसायनशास्त्रातलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्ट्स पुष्कळ संशोधक वापरत होते. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की एकाच डेटावर एकीकडे १७३.२ येतंय आणि उबुंटू १६ वर १७२.४. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागत होती आणि ती ठरावीक क्रमानंच मिळेल असं गृहीत धरत होती. तसा क्रम पायथननं कधी कबूलच केला नव्हता, तो सिस्टिमप्रमाणे बदलत होता. 'सॉर्टेड' हा एक शब्द घातला असता तर प्रश्न मिटला असता.

यावरून "उबुंटू चुकीचं उत्तर देतं" असा निष्कर्ष काढू नका. चूक स्क्रिप्टमध्ये होती आणि सिस्टिम बदलल्यामुळे ती उघडी पडली. उलट, पेपर पाठवण्याआधी आपला कोड मुद्दाम दुसऱ्या डिस्ट्रोवर एकदा चालवून पाहणं ही फार स्वस्त तपासणी आहे. उत्तर जुळलं तर विश्वास वाढतो. नाही जुळलं तर परीक्षकाच्या आधी तुम्हाला कळतं.

शेजार बघा

तुम्ही एकटे काम करणार नाही. मोठी आकडेमोड संस्थेच्या क्लस्टरवर जाते. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत, आणि अशा यंत्रांवर रेड हॅटच्या कुळातली सिस्टिम पुष्कळदा आढळते. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारख्या यंत्रणेवर खातं मिळालं की पहिल्या दिवशी तिथे कोणती आवृत्ती आहे ते बघा.

का, ते सांगतो. लिनक्सवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम 'जीलिबसी' या मूळ लायब्ररीवर उभा असतो. उबुंटू २४.०४ मध्ये तिची २.३९ ही आवृत्ती आहे, तर रेड हॅट ८ च्या कुळात २.२८. जुन्यावर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर सहसा चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर नेला तर अमुक आवृत्ती सापडली नाही असं सांगून तो थांबतो. म्हणून लॅपटॉपवर कंपाइल करून क्लस्टरवर नेऊ नका, तिथेच कंपाइल करा. किंवा अॅप्टेनरसारख्या कंटेनरमध्ये सगळं बांधून न्या. कंटेनरमध्येही कर्नल मात्र यजमान यंत्राचाच असतो, हे विसरू नका.

अशीच एक गोष्ट पायथनची. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ वर थेट 'पिप इन्स्टॉल' केलं की सिस्टिम नकार देते. ती अडवणूक नाही. सिस्टिमचे स्वतःचे प्रोग्रॅमही पायथनवर चालतात, त्यांच्यात तुमच्या पॅकेजेसची भेसळ होऊ नये म्हणून तो बंदोबस्त आहे. नकार डावलायचा पर्यायही तिथेच सुचवलेला असतो. तो वापरू नका. प्रत्येक प्रकल्पाला वेगळं आभासी वातावरण करा. एवढी सवय लागली की खालची डिस्ट्रो कोणती, हा प्रश्न निम्मा हलका होतो.

मग टाकायचं काय?

माझं मत स्पष्ट सांगतो. प्रयोगशाळेत सगळे एकच डिस्ट्रो वापरत असतील तर तीच घ्या. शेजारच्या टेबलावर मिळणारी मदत कुठल्याही तक्त्यापेक्षा मोलाची. तसं काही नसेल आणि ग्राफिक्स कार्डावर काम असेल तर उबुंटू एलटीएस. लॅपटॉप जुना आहे आणि लिनक्सशी पहिलीच ओळख, तर मिंट. कोपऱ्यात ठेवून तीन वर्षं मुकाट चालवायचं यंत्र असेल तर डेबियन. टर्मिनलची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे पाठ मराठीतूनही आहेत.

दोन पर्यायांत अडलात तर आणखी एक लेख वाचू नका. दोन्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका आणि एक दिवस तुमचाच डेटा, तुमचाच कोड तिथे चालवा. सगळं बसवायला किती वेळ लागला, कुठे अडलं, उत्तर तेच आलं का, हे वहीत लिहा. ही तुमच्या कामाची खरी तुलना.

आणि निवड काहीही असो, पहिल्याच दिवशी डिस्ट्रोचं नाव, आवृत्ती, कर्नल आणि बसवलेल्या पॅकेजेसची यादी एका फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर तारखेसह तीत भर घाला. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात 'लिनक्स वापरले' एवढं लिहून भागत नाही. चार वर्षांनी तोंडी परीक्षेत कुणी विचारलं की हा आकडा कोणत्या यंत्रावर आला होता, तर ती फाइल उघडून दाखवता आली पाहिजे.